काढलेला ब्राउझर पुन्हा पुन्हा येतो तेव्हा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

टास्कबारवर क्रोमच्या वळणाचं, पण रंग जरा इकडेतिकडे असलेलं गोल चिन्ह दिसू लागतं. सातबाऱ्याची पीडीएफ किंवा मेलमधली लिंक उघडली की नेहमीच्या ब्राउझरऐवजी तोच उघडतो. संगणक सुरू केल्यावर कुणी हात न लावता खिडकी उघडते, किंवा स्क्रीनच्या वरच्या कडेला एक शोधपट्टी चिकटून बसते. गूगलमध्ये शोधलेलं एखाद्या अनोळखी पत्त्यावरून फिरून याहूवर किंवा बिंगवर जातं. आणि सगळ्यात छळणारं लक्षण म्हणजे अनइन्स्टॉल केलेला ब्राउझर रीस्टार्टनंतर किंवा दोन दिवसांनी परत हजर असतो. वेव्ह ब्राउझर, वन लाँच ही या जातीतली नेहमी भेटणारी नावं. बहुतेक सगळे क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर बनलाय त्याच खुल्या सांगाड्यावर उभे केलेले असतात, म्हणून आतून हुबेहूब क्रोमसारखे दिसतात.

एक लक्षण मात्र यातलं नाही, आणि त्यामागे लागून लोक अख्खा दिवस घालवतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असे निरोप येत असतील, तर बहुतेक वेळा कुठल्यातरी वेबसाइटच्या ‘अलाव’ बटणावर क्लिक झालेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि अनोळखी पत्ते काढून टाका. एजमध्येही अशीच यादी आहे. निरोप तिथेच थांबले तर पुढचं काही करायची गरज नाही.

ब्राउझर स्वतःहून परत येत नाही. त्याला परत आणणारं काहीतरी संगणकात राहिलेलं असतं: वेळापत्रकातलं एखादं काम, त्याच दिवशी आलेला एखादा फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर, क्रोममध्ये बसलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), किंवा डाउनलोड फोल्डरमधली सेटअपची फाइल जिच्यावर कुणीतरी पुन्हा डबल क्लिक करतं. खालचा सगळा क्रम त्या आणणाऱ्याला शोधण्यासाठी आहे.

आधी खात्री करा की तो खरंच परका आहे

चिन्हावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. खरा क्रोम सी ड्राइव्हच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये गूगल, मग क्रोम, मग ॲप्लिकेशन या फोल्डरात असतो. परका ब्राउझर बहुधा ‘यूजर्स’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात, ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’मध्ये सापडतो. कारण साधं आहे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये काही टाकायला ॲडमिनची परवानगी लागते, ‘लोकल’मध्ये लागत नाही. ‘पासवर्ड तर विचारलाच नाही, मग हा आला कसा?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. कधीकधी खरा क्रोमसुद्धा ‘लोकल’मध्ये बसवलेला असतो, म्हणून नुसत्या जागेवर निकाल देऊ नका. त्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग पाहा. खऱ्या क्रोमवर गूगल एलएलसीची सही असते, फायरफॉक्सवर मोझिला कॉर्पोरेशनची.

हे तपासताना फोल्डरचं नाव आणि त्याची तारीख कागदावर लिहून घ्या. ही तारीख पुढे तीन ठिकाणी कामाला येते.

मायक्रोसॉफ्ट एज हा परका नाही. भारतात विंडोजमधून तो काढायची सोय दिलेलीच नाही. ती युरोपातल्या कायद्यामुळे फक्त तिकडच्या संगणकांना मिळाली आहे. नेटवरच्या स्क्रिप्टा चालवून तो उपटला तर विंडोजचे त्यावर टेकलेले भाग अडखळतात. शिवाय काही जुन्या सरकारी साइट इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय उघडत नाहीत, आणि त्यांच्यासाठी एजमधला ‘आयई मोड’ हाच सरळ मार्ग उरला आहे. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’ या भागात त्याची परवानगी द्यायची आणि एज पुन्हा सुरू करायचा. जोडलेलं पान ३० दिवस त्या मोडमध्ये उघडतं, नंतर पुन्हा जोडावं लागतं. एज नको असेल तर त्याला डिफॉल्टवरून (लिंक आपोआप ज्यात उघडते त्या जागेवरून) हटवा आणि टास्कबारवरून अनपिन करा, एवढं पुरे.

पहिली तपासणी: फक्त डिफॉल्ट बदललाय का

फुकट, एका मिनिटाची. सेटिंग्ज, ॲप्स, ‘डिफॉल्ट ॲप्स’. विंडोज १० मध्ये ‘वेब ब्राउझर’च्या खाली आपला ब्राउझर निवडा. विंडोज ११ मध्ये यादीतून आपला ब्राउझर उघडा आणि वरचं ‘सेट डिफॉल्ट’ बटण दाबा.

पण पीडीएफचा डिफॉल्ट वेगळा असतो, आणि तो बघायला लोक विसरतात. ब्राउझर बदलला तरी पीडीएफ जुन्याकडेच जाते, म्हणून ‘अजून तोच उघडतोय’ असं वाटत राहतं. पीडीएफसाठी रीडर नेमून द्या. डिजिटल सही असलेला दाखला किंवा सातबारा छापायचा असेल तेव्हा सहीची खूण तपासायलाही रीडरच लागतो, ब्राउझरमध्ये ती नीट तपासली जात नाही.

दुसरी तपासणी: यादीतून काढणं, पण तारखेनुसार

काढण्याआधी त्या ब्राउझरमध्ये कामाचं काही साठलंय का ते पाहा. ग्राहकांचे अर्ज भरताना महिनाभर तोच वापरला गेला असेल तर बुकमार्क आणि पासवर्ड त्यातच असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की बुकमार्कचं पान उघडतं. तीन टिंबांतून ‘एक्स्पोर्ट’ करा. पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्डची फाइलही निघते, पण ती उघड्या अक्षरांत असते, कुणीही वाचू शकतं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये घेतल्याबरोबर ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

आता तो ब्राउझर पूर्ण बंद करा. फुली मारणं पुरत नाही, तो मागे चालूच असतो आणि अनइन्स्टॉल अर्ध्यावर अडकतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्याच्या नावाच्या सगळ्या ओळी ‘एंड टास्क’ करा.

मग सेटिंग्ज, ॲप्स, आणि तिथली यादी. विंडोज १० मध्ये तिला ‘ॲप्स अँड फीचर्स’ म्हणतात, ११ मध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’. यादी नावाप्रमाणे न लावता बसवल्याच्या तारखेप्रमाणे लावा. ब्राउझरच्या आजूबाजूला, त्याच दिवशी आलेली नावं वाचा. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, कूपन, हवामान असं काही दिसलं तर तोच आणणारा असण्याची शक्यता जास्त. आधी त्याला काढा, मग ब्राउझरला. उलट क्रमाने काढलं तर सोबती मागे राहतो आणि दोन दिवसांत ब्राउझर पुन्हा बसवतो. अनइन्स्टॉल करताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ अशी चौकट आली तर ती टिक करा. जाता जाता तो ‘सवलत देतो’, ‘फक्त आजच्यापुरता ठेवा’ असे प्रश्न विचारतो, आणि ‘ठेवा’चं बटण मोठं नि रंगीत असतं. बटणावरचं वाचूनच दाबा.

सेतू केंद्र किंवा सीएससी चालवणाऱ्यांनी इथे फार जपून राहावं. अनोळखी नाव म्हणजे परकं नव्हे. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, मंत्रा किंवा मॉर्फोचे ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचे ईपास किंवा प्रॉक्सकी या नावाचे प्रोग्रॅम, ईएमसाइनर, जावा, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर यांना हात लावू नका. ऐन पीक विम्याच्या गर्दीत आरडी सर्व्हिस उडाली तर रांगेतल्या माणसांना परत पाठवावं लागतं. खात्री नसेल त्या नावाचा फोटो घेऊन ठेवा आणि पुढे जा.

तिसरी तपासणी: सुरुवातीच्या याद्या आणि वेळापत्रक

संगणक सुरू होताना आपोआप उघडण्याचं कारण बहुधा टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीत मिळतं. तिथे त्याचं नाव ‘डिसेबल’ करा.

परत येण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा ‘टास्क शेड्यूलर’मध्ये दडलेलं असतं. स्टार्टमध्ये त्या नावाने शोधा, डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’वर क्लिक करा. प्रत्येक कामाला ‘ट्रिगर्स’ म्हणजे कधी चालायचं आणि ‘ॲक्शन्स’ म्हणजे काय चालवायचं असे दोन भाग असतात. नाव काहीही असो, बघायचं ते ‘ॲक्शन्स’मध्ये. तिथला रस्ता तुम्ही लिहून ठेवलेल्या फोल्डरकडे जात असेल तर हाच तो. लॉग ऑन झालं की, किंवा दर तासाला, हे काम तो ब्राउझर आहे का बघतं आणि नसला तर पुन्हा उतरवतं. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट एज यांच्या अपडेटची कामंही याच यादीत असतात. ती खरी आहेत, त्यांच्यातूनच सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येतात. संशयित काम आधी ‘डिसेबल’ करा, ‘डिलीट’ नको. संगणक रीस्टार्ट करा, दोन दिवस नेहमीचं काम करून पाहा, आणि काही अडलं नाही तर मग पुसा. घाईने भलतं काम पुसलं तर ते परत आणणं अवघड जातं.

चौथी: मागे राहिलेला कचरा

फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ सुरू करा, नाहीतर ‘ॲपडेटा’ दिसणारच नाही. ‘लोकल’ आणि ‘रोमिंग’ या दोन्हींत त्या ब्राउझरच्या नावाचा फोल्डर उरला असेल तर पुसा. ‘फाइल वापरात आहे’ असं म्हणाला तर काहीतरी अजून चालू आहे. टास्क मॅनेजरकडे परत जा. डाउनलोड फोल्डरही तारखेप्रमाणे लावून त्या दिवशीची सेटअप फाइल काढा. दुकानातला किंवा घरातला दुसरा माणूस तीच फाइल निरागसपणे पुन्हा चालवतो, हे फार वेळा घडतं.

एका संगणकावर दोन-तीन खाती असतील तर प्रत्येक खात्यात लॉगिन करून हे सगळं करावं लागतं, कारण हा ब्राउझर त्या त्या खात्याच्या फोल्डरात बसतो. एका खात्यातून गेला म्हणजे संगणकातून गेला असं नाही.

पाचवी: चांगल्या ब्राउझरला झालेली लागण

परका गेला, तरी क्रोम उघडलं की भलतंच पान येत असेल तर तीन जागा पाहा.

क्रोमच्या शॉर्टकटची ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. ती सहसा क्रोमच्या ईएक्सई फाइलच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपते. पुढे एखादा वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच पुसा. टास्कबारवरचा, डेस्कटॉपवरचा आणि स्टार्टमधला असे तीनही शॉर्टकट वेगवेगळे असतात.

नंतर एक्स्टेन्शन्सची यादी. स्वतः न टाकलेलं सगळं काढा, मग क्रोमच्या सेटिंग्जमधलं ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरा. त्यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत, पहिलं पान आणि शोधयंत्र मूळ जागी येतं. इथे सिंकचा, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या संगणकांवर तेच आपोआप उतरण्याचा, फास लक्षात घ्या. दुकानातल्या तीन संगणकांवर एकच जीमेल लॉगिन असेल तर एका ठिकाणी काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत उतरू शकतं. तिन्हीकडे सिंक बंद करा, तिन्ही साफ करा, मगच सिंक चालू करा.

तिसरी जागा म्हणजे तीन टिंबांच्या मेनूच्या तळाशी दिसणारी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ ही ओळ. एक्स्टेन्शन काढण्याचं बटणच चालत नसेल तर बहुधा तीच अडचण असते: कुणीतरी क्रोमवर सक्तीचा नियम लादलेला आहे. काही अँटिव्हायरसही असे नियम टाकतात, आणि शाळा, बँक किंवा कार्यालयाच्या संगणकावर ते खरोखर त्या संस्थेचेच असतात. त्यामुळे घरच्या संगणकावर ही ओळ संशयाची, कार्यालयातल्या संगणकावर नाही. नियम पुसायचे तर रजिस्ट्रीत ‘पॉलिसीज’च्या खाली गूगल आणि त्याखाली क्रोम ही किल्ली ‘लोकल मशीन’ आणि ‘करंट यूजर’ या दोन्ही शाखांत पाहावी लागते. पुसण्याआधी ‘फाइल’मधून ‘एक्स्पोर्ट’ करून तिची प्रत ठेवा. रजिस्ट्री म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

सहावी: डिफेंडर, आणि त्याला बांधलेली पट्टी

डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. विंडोज सिक्युरिटी उघडा. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ आहे, त्यातलं ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ सुरू असलं पाहिजे. असे ब्राउझर काटेकोर अर्थाने व्हायरस नसतात. तुम्ही ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणून दिलेल्या संमतीवर आलेले असतात. म्हणून साध्या तपासणीत सुटतात, आणि त्यांच्यासाठी हा वेगळा खटका ठेवला आहे.

मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ पाहा. तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करणारा ॲक्टिव्हेटर वापरलेला असतो. तो चालावा म्हणून डिफेंडरला काही फोल्डर ‘बघू नकोस’ असं सांगून ठेवतात, कधी अख्खा सी ड्राइव्हच. नको असलेला ब्राउझर आणि त्याचे सोबती त्याच फोल्डरात निवांत राहतात, आणि दहा वेळा स्कॅन केलं तरी ‘सगळं ठीक’ असंच उत्तर येतं. एक्सक्लूजन काढा, मग ‘फुल स्कॅन’ लावा. तासनतास चालतं, रात्री लावून ठेवा.

त्यानेही भागलं नाही तर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’. यात विंडोज नेहमीसारखं सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे आत बसलेल्याला लपायला जागा उरत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात आणि मध्ये संगणक रीस्टार्ट होतो. लाइटचा भरवसा नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून किंवा यूपीएसवरच करा. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सचं ॲडक्लीनर फुकट आहे आणि बसवावं लागत नाही. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनरही चालतो, मात्र उतरवल्यापासून १० दिवसांनी तो निकामी होतो, म्हणून पेनड्राइव्हमधला जुना वापरू नका.

जागा रिकामी ठेवू नका

चांगला ब्राउझर हाताशी नसला की माणूस पुन्हा शोधायला जातो आणि शोधाच्या पहिल्या ओळीतल्या जाहिरातीवर क्लिक करतो. अधिकृत पत्ता स्वतः टाइप करून उघडा. उतरलेल्या सेटअपवर वर सांगितल्याप्रमाणे सही तपासा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट तुटत असेल तर क्रोमची छोटी सेटअप फाइल अर्ध्यात अडकते. तिच्याऐवजी ऑफलाइन इन्स्टॉलर एकदाच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवा.

विंडोज ७ असेल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. साइट ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणू लागतात आणि लोक भलतेच ब्राउझर शोधतात. अशा संगणकावर फायरफॉक्स ११५ ची ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) शाखा बसवा. पण त्यावर बँकेचं काम करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

आणि मूळ दार बंद करा. हे ब्राउझर बहुधा ‘पीडीएफची साइज कमी करा’, ‘फोटो लहान करा’, ‘कृतिदेव ते युनिकोड’ असं काही शोधताना आत येतात, कारण फॉर्मला फोटो ठरावीक केबीच्या आतच लागतो. फोटो लहान करायला विंडोजचं पेंट पुरतं: कंट्रोल आणि डब्ल्यू, टक्केवारी कमी करा, जेपीजीमध्ये सेव्ह करा. पीडीएफ बनवायला प्रिंटच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ विंडोज १० पासून आहेच.

इथे थांबा

वरचं सगळं एकदा क्रमाने करूनही रीस्टार्टनंतर ब्राउझर तिसऱ्यांदा आला, डिफेंडर सुरूच होत नसेल किंवा सुरू केलेला आपोआप बंद होत असेल, फाइलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील, किंवा संगणक कार्यालयाचा असेल, तर पुढे हात घालू नका. स्क्रीनवर दिसणाऱ्या ‘मायक्रोसॉफ्ट हेल्पलाइन’च्या नंबरवर फोन करू नका आणि फोनवरच्या माणसाला एनीडेस्कने (दुरून संगणक चालवू देणाऱ्या ॲपने) आत घेऊ नका.

त्या ब्राउझरमध्ये बँकेचा किंवा पोर्टलचा पासवर्ड टाकला गेला असेल तर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून तो लगेच बदला. पैसे गेले असतील तर दुरुस्ती राहू द्या, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं अवघड.

‘रीसेट धिस पीसी’ स्वतः करायचा मोह होतो. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी बाहेरून बसवलेले सगळे प्रोग्रॅम जातात, म्हणजे टोकन आणि अंगठ्याचे ड्रायव्हरही. ‘क्लाउड डाउनलोड’ला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तो अर्ध्यातच अडकेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर डिस्कच कुलूपबंद होऊ शकते.

जाणकाराकडे संगणक देताना टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, डिजिटल सहीचं टोकन स्वतःजवळ ठेवा, क्रोममधून साइन आउट करा. त्याला तो लिहून ठेवलेला कागद द्या: फोल्डरचं नाव, तारीख, काय काय काढलं, कोणतं काम डिसेबल केलं. आणि विंडोज नव्याने टाकणार असेल तर ॲक्टिव्हेटर वापरू नको, डिफेंडरला एकही एक्सक्लूजन देऊ नको, असं आधीच स्पष्ट सांगा.